पंप लपवू नका, बॉस!

सकाळची चर्चगेट फास्ट. वसईला आत शिरायला मिळालं हेच नशीब. नायगाव मागे पडलं, खाडीचा गार वारा आला आणि माझी छाती शिट्टी वाजवायला लागली. पर्समधून निळा पंप काढला, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, लग्न व्हायचंय ना तुझं? चारचौघांत नको घेऊस. आणि सवय लागते त्याची!"

काकू, सवयबिवय काही लागत नाही हो. पण चुकत माझंही होतं. निळा पंप आवळलेली श्वासनलिका तात्पुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो रोजचा स्टिरॉइडचा पंप. तो मी बरं वाटलं की बंद करायचे! मग अटॅक, मग स्टिरॉइडच्या गोळ्या. वर्षात चार कोर्स. गाल फुगले, शुगर वर. गंमत बघा, पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. आणि मी घाबरत होते पंपाला!

शेवटी छातीचे डॉक्टर गाठले. त्यांनी आधी पंप घेऊनच दाखवायला सांगितलं. दाबायचे एकदा, श्वास ओढायचे भलत्याच वेळी! स्पेसर लावला, रोजचा पंप नियमित केला. तीन महिन्यांनीही रात्री जाग येतच होती, तेव्हा रक्त तपासलं. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर निघाल्या. (स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा कमी दिसतो. डॉक्टरांना जरूर सांगा.)

अशा हट्टी दम्यासाठी आता नेम धरून काम करणारी इंजेक्शनं आहेत. ओमालिझुमॅबला अमेरिकेत २००३ मध्ये मंजुरी मिळाली. ते अ‍ॅलर्जीच्या आयजीई अँटिबॉडीला पकडतं. २०१५ मध्ये आलेलं मेपोलिझुमॅब, या पेशींना बळ देणारा इंटरल्युकिन-५ हा निरोप्याच अडवतं. म्हणजे अख्खा डबा रिकामा करायचा नाही, भांडणारीलाच फक्त खाली उतरवायचं! पण ती सगळ्यांना लागू पडत नाहीत, महाग आहेत आणि रोजचा पंप चालूच ठेवावा लागतो.

माझं पहिलं इंजेक्शन येत्या सोमवारी. स्कूटीसाठी जमवलेले पैसे त्यात चाललेत. हाफ डे टाकलाय, आणि साहेबांना 'पोटदुखी' नाही, खरं कारण सांगितलंय.

पंप आता पर्सच्या वरच्याच कप्प्यात असतो. काकूंसमोरच घेते!