गळा कुणाचा, नाव कुणाचे?

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने लावणी सादर केली. रंगमंचावर एक मैत्रीण नाचत होती आणि विंगेत, पेटी-तबल्याशेजारी उभी राहून दुसरी गात होती. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. निवेदन माझ्याकडे होते. मी नाचणारीचे नाव घेतले, नृत्य बसविणारीचे घेतले आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळले. गाणारीचे नाव माझ्या कागदावर नव्हतेच. ती काही बोलली नाही. अंधेरीहून बोरिवलीपर्यंत लोकलमध्ये माझ्या शेजारी बसून आली, तेव्हाही नाही.

वाटेत मालाड लागले आणि मला ‘महल’ आठवला. हिमांशु राय व देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. त्याच संस्थेचा ‘महल’ १९४९ साली आला. नायिका मधुबाला, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. त्यातले सर्वांत गाजलेले गाणे जेमतेम विशीच्या लता मंगेशकरांनी गायिले. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’! म्हणजे चित्रपटात जिचा आत्मा महालात वावरतो असे भासवले जाते, तिचे. भुताला नाव मिळाले, गाणारीला नाही. हा आवाज कुणाचा, असे श्रोत्यांनी रेडिओकडे विचारले, तेव्हा कुठे खरे नाव पुढे आले.

यावर कुणी म्हणेल, गाणारीचे नाव सांगितले तर पडद्यावरची जादू ओसरेल. हॉलिवूडला हीच भीती वाटत होती. ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९६१) नॅटली वुड आणि ‘माय फेअर लेडी’त (१९६४) ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी मार्नी निक्सन गायिल्या. तिन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. आपल्याकडे मात्र पुढे नावे जाहीर झाली, आणि काय बिघडले? आवाज लताबाईंचा आहे हे घरोघर ठाऊक असूनही, ते गाणे मधुबालाच गाते आहे असे आजही वाटते. नावाने जादू मोडत नाही, हे आपल्या प्रेक्षकांनीच सिद्ध केले आहे.

पण हेही आपोआप घडले नाही. फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाला स्थान नव्हते, म्हणून लताबाईंनी त्या सोहळ्यात गाण्यास नकार दिला होता. तो पुरस्कार १९५९ पासून सुरू झाला. मित्रहो, लताबाईंना नकार देता आला, कारण तोवर त्यांच्यावाचून चित्रपटसृष्टीचे पान हलत नव्हते. विंगेतल्या मुलीने काय करावे? तिच्या वतीने निवेदकानेच बोलायला हवे. तेवढे माझ्याकडून झाले नाही.

हा लेख लिहिताना मी तिला विचारले, ‘‘तुझे नाव इथे घालू का?’’ ती म्हणाली, ‘‘नको. घ्यायचे तेव्हा घ्यायला हवे होतेस.’’

तिचे म्हणणे खरे आहे. म्हणून सांस्कृतिक मंडळाला आणि आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की पुढील वर्षापासून कार्यक्रमपत्रिकेवर गाणाऱ्यांची, पेटी-तबला वाजविणाऱ्यांची आणि पडदा ओढणाऱ्यांचीही नावे छापावीत. ती यादी करण्याचे काम मी आनंदाने करीन.