किनारा सार्वजनिक, मुक्काम मात्र खासगी

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर आहे, तर दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट आणि वेळास. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावातून समुद्र दिसत नाही. तरीही नदीच्या नात्याने हा किनारा त्या गावाचाही आहे. पाहुण्यांना समुद्र दाखवावयाचा किंवा मुलांची सहल काढावयाची, तर हरिहरेश्वर-श्रीवर्धनची वाट जवळची. परंतु शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी या वाटेने सकाळी जातो आणि सायंकाळी परततो. किनाऱ्यावर एक रात्र काढावी, हा विचार त्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

प्रवास हे त्याचे कारण नव्हे. 2023 साली एस.टी.ने महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत दिली आणि कुटुंबाचा प्रवास स्वस्त झाला. महाग राहिला तो मुक्काम. समुद्रकाठी कंपाउंड घातलेली रिसॉर्टे वाढली. अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा उभ्या राहू लागल्या. या तंबूंच्या भाड्यात कापडाचा आणि जेवणाचा खर्च असतोच; पण त्यातील मोठा भाग समुद्राच्या सान्निध्याची किंमत असतो. हे सान्निध्य तंबूवाल्याने निर्माण केलेले नाही. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले तेच येथे लागू पडते: निसर्गाने दिलेल्या जागेचे मोल, ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या पदरात पडते. वाळू सर्वांची, खंड मात्र एकाचा, असा हा व्यवहार आहे.

खर्च कोणाच्या माथी?

उत्पन्न खासगी असले, तरी खर्च सार्वजनिकच राहतो. सोमवारी सकाळी उरलेला कचरा ग्रामपंचायतीने उचलावयाचा, पिण्याच्या पाण्याचा ताण गावाने सोसावयाचा आणि समुद्रात कोणी ओढला गेला तर धावून जावयाचे ते स्थानिक कोळ्यांनी. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून मुरुडला सहलीसाठी आलेले 14 विद्यार्थी बुडाले. जीवरक्षक आणि भरती-ओहोटीची सूचना या चैनीच्या बाबी नव्हेत, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळले; पण त्यांचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. पुढे 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, सुरूची बने उन्मळून पडली. ज्या सावलीच्या भरवशावर पर्यटनाचा धंदा चालतो, ती सावली पुन्हा उभी करण्याचा भारही गावावर आणि सरकारवरच पडला.

यावर दोन उपाय सुचविले जातात. पहिला म्हणजे सरसकट बंदी. दुसरा म्हणजे सारे बाजारावर सोपविणे. बंदीने चोरटे तंबू संपत नाहीत. बाजाराने केवळ दर वाढतात आणि सामान्य माणूस गाळला जातो. सामायिक साधनाचा उपभोग ज्याला त्याला मोकळा ठेवला तर त्याचा विनाश ठरलेला, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडला होता. तथापि, वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले व पाळले तर सामायिक साधने टिकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणांनी दाखविले. त्या कार्यासाठी त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेळासचा धडा

ऑस्ट्रॉमबाईंचा सिद्धान्त पडताळण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. सावित्रीचे मुख ओलांडले की पुरे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने ती अंडी राखली आणि पिले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यास लोक येऊ लागले. पाहुणे उतरतात ते गावकऱ्यांच्या घरी, जेवतात तेही त्यांच्याच पंगतीत. प्रकाशाने पिलांची दिशा चुकते, म्हणून किनाऱ्यावर अंधार राखणे हा येथे शिस्तीचाच नव्हे, तर उपजीविकेचाही भाग झाला आहे. किनारा राखण्यात ज्याचे पोट गुंतलेले असते, तो त्याचा उत्तम राखणदार ठरतो.

कायद्याचीही आडकाठी नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 सालची. 2019 च्या अधिसूचनेने पर्यटन आराखड्यात ठरविलेल्या किनाऱ्यांवर शॅक, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या अशा तात्पुरत्या सोयींना, भरतीरेषेपासून किमान 10 मीटर अंतर ठेवून, वाव दिला. 2025 साली श्रीवर्धन आणि नागाव या किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. किनाऱ्यावर अनधिकृत तंबू नसावेत, ही त्याची एक अट आहे. अट अनधिकृत तंबूंविरुद्ध आहे, मुक्कामाविरुद्ध नव्हे, हा भेद ध्यानात घ्यावयास हवा. अमेरिकेसारख्या बाजारनिष्ठ देशातही कॅलिफोर्नियाच्या 1976 च्या किनारा कायद्याने, किनाऱ्यावरील कमी खर्चाच्या सोयींचे रक्षण करणे व त्यांस उत्तेजन देणे, हे राज्याचे कर्तव्य मानले आहे.

या धर्तीवर हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या परिसरात एखादे लहानसे सार्वजनिक शिबिरस्थळ उभे करणे अशक्य नाही. वाळूपासून दूर, सुरूच्या बनामागे एक छोटे उद्यान. तंबूंची संख्या ठरलेली. पाणी, शौचालये आणि जीवरक्षक आधी, तंबू नंतर. निम्म्या जागा शाळा-महाविद्यालयांच्या तुकड्यांसाठी व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी माफक दराने राखून ठेवाव्यात. उरलेल्यांचे भाडे बाजारभावाने घ्यावे आणि त्यातून सोयींचा खर्च भागवावा. जेवण गावातील घरांतूनच यावे, म्हणजे घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांचा धंदाही बुडणार नाही. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखविला जावा.

ग्रामपंचायतींना हे झेपेल काय, अशी शंका घेतली जाईल. गावातील बलिष्ठ मंडळी जागा बळकावतील, ही भीतीही निराधार नाही. परंतु आज ती बळकावली जात आहेच, आणि तीही कोणताच हिशेब न देता. उघड नियम व उघडा हिशेब यांनी निदान प्रश्न विचारण्याचा अधिकार तरी गावाला मिळेल.

पर्यटनाचे यश आपण आलेल्या मोटारी मोजून ठरवितो. तुडीलच्या शाळेतील मुलांची एखादी तुकडी एस.टी.ने जाऊन, एक रात्र भरतीचा आवाज ऐकून, कोणाचेही कर्ज न काढता परत आली काय, हीदेखील यशाची कसोटी मानावयास हवी. ज्या किनाऱ्यावर केवळ श्रीमंतालाच रात्र काढता येते, तो सातबाऱ्यावर सरकारचा असला तरी जनतेचा उरत नाही.