व्हिसा नको, तिकीट नको: दोन देशांचा एक वर्ग खरंच चालतो का?

मे 2025 च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या त्या सोशल मीडिया तपासणीची अट घेऊनच. कॅनडाने त्याआधीच, 2024 मध्ये, स्टडी परमिटवर मर्यादा आणली होती. अशा बातम्या आल्या की ‘मग ऑनलाइन का नाही?’ हा प्रश्न येतोच. यातला एक प्रकार मात्र आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. त्याचं नाव कॉइल, म्हणजे ‘कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग’.

न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने, म्हणजे सनीने, 2006 मध्ये कॉइल सेंटर काढलं. त्यामागे होते तिथले सिनेमाचे प्राध्यापक जॉन रुबिन. हा ऑनलाइन कोर्स नव्हे. यात व्हिडिओ बघून सर्टिफिकेट मिळत नाही. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या विषयातला पाच ते आठ आठवड्यांचा तुकडा एकत्र आखतात. मुलं मिश्र गटात आधी ओळख करून घेतात, मग एकत्र काहीतरी बनवतात. फी आपल्याच कॉलेजची आणि मार्क देणारे सरही आपलेच. परदेशी डिग्री मिळत नाही, त्यामुळे व्हिसा नाकारलेल्या मुलासाठी हा पर्याय नाहीच. हा पर्याय आहे तो कधीच जाणार नव्हता त्याच्यासाठी. आणि असेच जास्त: जगभरात उच्चशिक्षण घेणाऱ्यांपैकी जेमतेम 2-3 टक्के मुलं शिकायला देशाबाहेर जातात.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक, पण शक्य असलेलं. जुलै 2021 च्या मध्यावर नेदरलँड्समधलं फाल्केनबुर्ख गेउल नदीच्या पुरात बुडालं, आणि त्यानंतर आठवडाभरात, 22 तारखेला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. समजा, कोकणातल्या सिव्हिलच्या मुलांनी आणि डच मुलांनी या दोन पुरांची तुलना करायची ठरवली. पाणी किती वेगाने चढलं, इशारा कुणाला कधी मिळाला, भरतीचा काय परिणाम झाला. चिपळूणच्या मुलाकडे घराच्या भिंतीवरची पाण्याची खूण आहे, ती कुठल्या पुस्तकात नाही. इथे आपली मुलं घेणारी नसतात, देणारीही असतात.

आता अडतं कुठे? पहिली अडचण वेळेची. झूम आहे, त्यात काय एवढं, असं मलाही वाटायचं. नोकरी लागल्यावर परदेशी टीमबरोबरच्या पहिल्या ऑक्टोबरअखेरीस मी मीटिंगला बरोबर एक तास आधी जाऊन बसलो, तेव्हा कळलं. युरोपात घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या, आपल्याकडे कधीच नाही. डच वर्ग दुपारी 2 ला असेल तर सप्टेंबरमध्ये आपल्याकडे 5.30 वाजलेले असतात, नोव्हेंबरमध्ये 6.30. ऐकायला किरकोळ, पण गावाकडची शेवटची एसटी 6 ला असेल तर त्या मुलीसाठी प्रोजेक्ट तिथेच संपतो. म्हणून निमंत्रण पाठवताना ‘साडेतीन तासांचा फरक’ असं गणित मांडू नका. कॅलेंडरमध्ये यजमान शहराचा टाइम झोन निवडा, बाकीचं ते सांभाळतं. आणि बहुतेक काम ज्याला जमेल तेव्हा करता येईल असं ठेवा, लाइव्ह भेटी दोन-तीनच.

सत्रंही जुळत नाहीत. आपलं सत्र जुलैच्या आसपास सुरू होतं, डचांचं सप्टेंबरमध्ये. सामाईक आठवडे मोजून निघतात, त्यात आपली दिवाळी. शिवाय एका विद्यापीठाच्या मूडलमध्ये दुसऱ्याच्या मुलांचं खातं नसतं. गेस्ट लॉगिनची परवानगी येईपर्यंत मुलांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढलेला असतो. कामाला ते बरं, पण मग कुणी किती काम केलं याची नोंद शिक्षकाकडे राहत नाही. सामाईक गूगल डॉक निदान व्हर्जन हिस्टरी तरी दाखवतो.

पण खरी गाठ माझ्या मते तंत्रज्ञानात नाही, मार्कांत आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये ‘घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्दप्रयोग आहे. यूजीसीचे 2022 चे नियम ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीबद्दल आहेत, म्हणजे संस्था-संस्थांमधले मोठे करार. कॉइलला एवढं काही लागत नाही, दोन शिक्षक पुरतात. मात्र आपल्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा. शिक्षकाच्या हातात उरतात ते इंटर्नलचे मार्क. स्वायत्त कॉलेजांना मोकळीक आहे, संलग्न कॉलेजांना फटच शोधावी लागते.

आमच्या वेळी इंटर्नल म्हणजे मागच्या बॅचची असाइनमेंट उतरवून काढणं. त्या 20-25 मार्कांतले 10 जरी अशा प्रोजेक्टला दिले तरी मुलं डच गटाला रात्री उत्तर देतील. शून्य दिले, तर तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडचे कॅमेरे बंद होतील आणि पलीकडची मुलं रिकाम्या चौकोनांशी बोलत बसतील.