क्रूझचं तिकीट काढण्याआधी

सुट्ट्या जवळ आल्या की क्रूझच्या जाहिरातींचा सुकाळ होतो. त्यांतला थाट बहुधा जुन्या काळच्या बोटींचा असतो: वळणदार जिना, झुंबरं, डेकच्या कठड्याशी उभं राहून क्षितिज न्याहाळणारं जोडपं. ते पाहून निवृत्तीच्या पैशातून आई-वडिलांना, नातवंडांना घेऊन जायचा बेत अनेक घरांत शिजतो. जरूर जा. पण आपण नेमकं काय विकत घेतोय हे ओळखून जा. जाहिरात ज्या बोटीची आठवण जागवते ती आणि तुम्ही जिच्यात चढणार ती, यांची जातच वेगळी आहे.

जुनी ओशन लायनर म्हणजे समुद्रावरची एसटी. ठरल्या दिवशी सुटायचं आणि वाटेत वादळ असो की धुकं, शक्यतो ठरल्या दिवशी पोचायचं. पोटात टपालाच्या थैल्या असत आणि उशीर परवडणारा नसे. १९३१ साली गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी 'राजपुताना' बोटीनं २९ ऑगस्टला मुंबईहून सुटले आणि ११ सप्टेंबरला मार्सेयला उतरले. बॅरिस्टर व्हायला, डॉक्टर व्हायला विलायतेला गेलेली आपली माणसं अशाच बोटींनी गेली. हौस म्हणून नव्हे, दुसरी सोयच नव्हती.

त्या बोटींची बांधणीही त्या कामाला साजेशी. लाट कापणारी लांब निमुळती नाळ, पाण्यात खोल बसणारा तळ, जाड पोलादी पत्रा आणि उशीर भरून काढता येईल इतकी राखीव ताकद असलेली इंजिनं. 'युनायटेड स्टेट्स' या बोटीनं १९५२ मध्ये पहिल्याच सफरीत ३ दिवस, १० तास, ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडला. पण १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि दिवसांचा प्रवास तासांवर आला. तीच बोट २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरून ओढत अलाबामातल्या मोबिल बंदरात नेली, फ्लॉरिडाच्या समुद्रात बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करायला. इतक्या देखण्या बोटीची ही गत वाचून मला फार वाईट वाटलं.

तरीही जुनं ते सगळं सोनं असं मानू नका. तो थाट पहिल्या वर्गापुरता होता. 'टायटॅनिक'वर तिसऱ्या वर्गात सातशेच्या आसपास माणसं होती आणि त्यांच्यासाठी अंघोळीचे टब होते दोन: एक पुरुषांना, एक बायकांना. आपले आजी-आजोबा त्या काळी बोटीत चढले असते तर बहुतेकांची जागा त्याच तिसऱ्या वर्गात असती. आजच्या क्रूझवर सगळ्यात स्वस्त केबिनलाही स्वतःचं न्हाणीघर असतं. ही गोष्ट लहान नाही.

आजची क्रूझ पोचवण्यासाठी नाही, राहण्यासाठी बांधलेली असते. २०२४ मध्ये निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आहे, तिच्यावर वीस मजले आहेत आणि ती भरली की साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी मावतात. 'टायटॅनिक'शी तुलना केली तर आकारमानानं पाचपटीहून मोठी. अशा जहाजाला घाई नसते. बाल्कन्या जास्तीत जास्त निघाव्यात म्हणून बाजू उंच आणि सरळ ठेवतात, आणि उथळ बंदरात शिरता यावं म्हणून तळ फार खोल नसतो. समोर वादळ दिसलं की कप्तान वळसा घालतो किंवा एखादं बंदर गाळतो. तेच शहाणपणाचं आहे आणि तिकिटाच्या अटींत तशी मुभा आधीच लिहिलेली असते. म्हणून एकाच बंदराच्या ओढीनं क्रूझ घेऊ नका. ते गाव पाहायचंच असेल तर विमानानं किंवा रेल्वेनं जा. आणि खरोखर लायनरचाच अनुभव हवा असेल, तर २००४ पासून साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क फेऱ्या करणारी 'क्वीन मेरी २' ही एकच आज त्या जातीची उरली आहे.

मुंबई-गोवा क्रूझबद्दल लोक फार विचारतात. ऐंशीच्या दशकापर्यंत या पाण्यातून 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' या प्रवासी बोटी जात. कितीतरी बंदरांत बोट किनाऱ्यापर्यंत येत नसे. ट्रंका, फणस, तान्ही पोरं हातोहात देत पडावात उतरावं लागे. आजच्या क्रूझवरून वाटेतलं जयगड, विजयदुर्ग दिसेल या आशेनं जाऊ नका. जहाज किनाऱ्यापासून दुरून आणि बराचसा वेळ रात्रीचं जातं. समुद्र, सूर्यास्त, जेवण आणि नाचगाणी यांत समाधान असेल तर पैसे वसूल.

एजंटला काही गोष्टी स्पष्ट विचारा. बंदरशुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी धरून माणशी एकूण किती? केबिन नेमकी कुठे? बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, मधली घ्या. तिथे हेलकावा कमी. परदेशी बंदरातून निघून तिथेच परतणार असाल तर त्या देशाचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण पूर्ण हॉस्पिटल नसतं. बरोबर ज्येष्ठ असतील तर समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा विमा काढाच. औषधं जादा दिवसांची घ्या.

आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं. जहाज हॉटेलसारखं दिसलं तरी ते समुद्रावर आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला: नवे प्रवासी चढले की कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायची. आपल्याला तर हे दुरून शिकायची गरज नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात अजून तिचं नाव हळू आवाजात घेतात.

तेव्हा त्या कवायतीच्या वेळी बुफेच्या रांगेत उभे राहू नका. काही कंपन्या आता मोबाइलवर व्हिडिओ दाखवून नंतर ठरल्या जागी हजेरी लावायला सांगतात. तो व्हिडिओ न बघताच पुढे सरकवू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याची खूण, हे मुलांना पाठ करून घ्या. केबिनपासून आपल्या जमायच्या जागेपर्यंत जिन्यानं एकदा चालून या; लिफ्टनं नको, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. आजी-आजोबांना हाताला धरून न्या आणि जीवरक्षक जाकिटाचा पट्टा त्यांना स्वतःला बांधता येईपर्यंत तिथून हलू नका.