थंडीत ट्रकची जाळी झाकताना

नागपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर झाशी लागते. जानेवारीत तिथे पहाटेचा पारा कधी ५-६ अंशांवर येतो आणि ट्रकच्या जाळीवर पोते किंवा ताडपत्री चढते. गार वारा अडला की डिझेल इंजिन लवकर तापते, हे खरे. पण तापमान राखण्याचे मूळ काम थर्मोस्टॅटचे. आधी तो तपासून घ्या.

झाकायचेच असेल तर जाळीचा काही भाग उघडा ठेवा, काट्यावर नजर असू द्या आणि ऊन चढताच आवरण काढा. विसरलात तर पाणी उकळेल, गॅस्केट जाईल. नव्या टर्बो गाड्यांत इंटरकूलरही जाळीमागेच असतो. तिथे पोते नकोच. आणि डिझेल पातळ करायला टाकीखाली जाळ? मुळीच करू नका. ट्रकपेक्षा चालकाचा जीव मोलाचा!