नंबर तुझा, गाडी माझी!

समजा, तुम्ही बंगलोरला तीन वर्षं नोकरी केलीत. पहिल्या बोनसमधून मस्तपैकी बुलेट घेतलीत, अर्थातच केए पासिंगची. मग पुण्यात बरं पॅकेज मिळालं आणि बुलेट रेल्वेच्या पार्सलमध्ये टाकून तुम्ही घरी परतलात. पहिल्याच आठवड्यात हिंजवडीच्या चौकात ट्रॅफिकवाल्या मामांनी बाजूला घेतलं. दुसऱ्या आठवड्यात कोथरूडला. "कर्नाटकची गाडी? टॅक्स भरला का इकडचा? एनओसी दाखवा." डोक्याला नुसता ताप!

इकडे घरच्या पार्किंगमध्ये पप्पांची जुनी स्प्लेंडर धूळ खात उभी. एमएच-१२, महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी. आणि मग शनिवारी कट्ट्यावर कुणीतरी तो फंडा देतोच, "अरे, प्लेट बदलून टाक ना यार! पाच मिनिटांचं काम. दोन्ही गाड्या तुमच्याच घरच्या, कुणाला काय फरक पडतो?"

फरक पडतो, बॉस. भरपूर पडतो.

कारणं काय, प्रत्येकाची वेगळी. कुणाच्या एका बाइकचा इन्शुरन्स संपलेला असतो, कुणावर ई-चलानचा ढीग साचलेला असतो, कुणाची आरसी जुन्या मालकाच्याच नावावर पडून असते. मग ज्या गाडीचे कागद क्लीन, तिचा नंबर दुसरीला. 'चोरीची थोडीच आहे' हे वाक्य या सगळ्यांच्या तोंडी ठरलेलं. पण इथंच गाडी घसरते. नंबर घराचा नसतो आणि मालकाचाही नसतो. तो गाडीचा असतो. आरसीवर त्या नंबरासोबत चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेला असतो. इन्शुरन्सच्या पॉलिसीवरही तेच आकडे असतात. प्लेट बदलता येते हो, पण हँडलखाली फ्रेमवर ठोकलेला चासी नंबर कसा बदलणार?

पूर्वी हा झोल खपायचाही. मामा प्लेट बघायचे, कागद बघायचे, फार तर पावती फाडायचे. आता त्यांच्या हातात ई-चलानचं मशीन असतं. मुंबईत ते २०१६ साली आलं, नंतर राज्यभर पसरलं. नंबर टाकला की गाडीचं मेक, मॉडेल, इन्शुरन्सची तारीख, सगळं स्क्रीनवर. स्क्रीन म्हणते स्प्लेंडर आणि समोर धडधडतेय बुलेट! एवढंच कशाला, एम-परिवहन अॅप तर तुमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मोबाइलवरही असू शकतं.

त्यात आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना ती शोरूममधूनच बसून येते. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठीची मुदत २०२५ मध्ये किती वेळा वाढली, ते तुम्ही पाहिलंच असेल. या प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो आणि खाली डावीकडे लेसरनं कोरलेला एक युनिक नंबर. तो नंबर त्याच गाडीच्या नावे नोंदलेला असतो. शिवाय प्लेट ज्या स्नॅप लॉकनं बसवतात, ते एकदा तोडलं की परत लागत नाही. लॉकच्या जागी साधा स्क्रू दिसला, की जाणकार माणूस काय ते समजून जातो.

'आपल्याला कोण पकडतंय' असं वाटत असेल, तर एक किस्सा आठवा. जानेवारी २०२१. रतन टाटांच्या गाडीच्या नंबरावर मुंबई पोलिसांची ई-चलान येऊ लागली. पण नियम तर त्या गाडीनं मोडलेच नव्हते. पोलिसांनी सीसीटीव्ही धुंडाळले, तेव्हा सापडली एका महिलेची बीएमडब्ल्यू. अंकशास्त्राच्या सल्ल्यानं नंबरात बदल केला होता आणि तो नेमका टाटांच्या गाडीचा निघाला! हा नंबर कुणाचा आहे याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. तरीही फसवणूक आणि बनावटगिरीच्या कलमांखाली गुन्हा दाखल झालाच. हेतू शुभ अंकाचा असो की टॅक्स वाचवण्याचा, कॅमेऱ्याला तो दिसत नाही. त्याला फक्त नंबर दिसतो.

पण चलान, दंड, मामा हे सगळं परवडलं. खरा वांधा होतो अॅक्सिडेंटच्या दिवशी.

धरून चालू, पावसात सिंहगड रोडवर तुमची बुलेट घसरली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाला धडकली. घरातला तो एकटा कमावणारा. अशा वेळी थर्ड पार्टी इन्शुरन्स उभा राहतो. मृत्यू किंवा इजेसाठी त्याच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, ट्रायब्युनल ठरवेल ती रक्कम. पण पंचनाम्यात पोलीस चासी नंबर लिहितात. प्लेट सांगते स्प्लेंडर, चासी सांगते बुलेट. इन्शुरन्स कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, आम्ही विमा उतरवला तो नक्की कोणत्या गाडीचा? स्प्लेंडरच्या पॉलिसीत बुलेट बसत नाही. बुलेटची स्वतःची पॉलिसी चालू असली, तरी कंपनीला वाद घालायला तुम्हीच आयतं कारण दिलेलं. आणि ती संपलेली असेल, तर लाखांची भरपाई थेट गाडीमालकाच्या खिशातून, म्हणजे तुमच्या. ते कुटुंब मात्र तारखांमागून तारखा मोजत बसणार. चार पैसे वाचवायला केलेल्या जुगाडाचं बिल भलत्याच घरात पोचतं ते असं.

आणि हो, प्लेट बदलली की खोटी गाडी एक नसते, दोन असतात. बुलेटवर स्प्लेंडरचा नंबर, म्हणजे घरी उभ्या स्प्लेंडरवर एक तर बुलेटचा नंबर किंवा काहीच नाही. एखाद्या सकाळी धाकटा भाऊ तीच गाडी काढून क्लासला जातो. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. नाक्यावर तो अडकला तर उत्तरं कोण देणार? स्प्लेंडरची आरसी पप्पांच्या नावावर. पोलीस स्टेशनमधून फोन जाणार तो त्यांना. तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करून रिटायर झालेल्या माणसाला 'तुमच्या गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीवर कसा?' हे विचारलं जाणार, तुमच्या पाच मिनिटांच्या कामापायी.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. नोंदणीशिवाय किंवा चुकीच्या नंबरानं गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड. पुन्हा सापडलात तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. विमा नसेल तर त्याचं कलम वेगळं. आणि फसवणुकीचा हेतू दिसला, तर भारतीय न्याय संहिता आहेच. १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली आणि तिच्यातल्या फसवणूक-बनावटीच्या काही कलमांना सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ऑनसाइटचं स्वप्न बघताय ना? मग पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये हा एफआयआर कसा दिसेल, याचाही विचार करा.

मग करायचं काय? सरळ रस्ता कंटाळवाणा आहे, पण आहे.

परराज्यातली गाडी बारा महिन्यांपर्यंत तिच्याच नंबरावर चालवता येते. तोवर आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि गाडी इकडे कधी आणली याचा पुरावा जवळ ठेवा. रेल्वेच्या पार्सलची पावती फेकू नका, तीच कामाला येते. त्याहून जास्त राहायचं असेल तर मूळ आरटीओची एनओसी आणा. कर्ज असेल तर बँकेचीही लागेल. इथला टॅक्स भरा आणि नवा नंबर घ्या. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. इन्शुरन्स संपला असेल तर निदान थर्ड पार्टी तरी आजच घ्या, लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर होतं. प्लेट तुटली किंवा हरवली, तर शेजारच्या बाइकची उसनी घेऊ नका. नवी मागवता येते. चलान थकलेत? भरून टाका, किंवा चुकीची असतील तर तक्रार करा. जुनी गाडी चालवायचीच नसेल, तर तिची नोंदणी रद्द करून रीतसर भंगारात काढा. तिचा नंबर जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

राहता राहिला कट्ट्यावरचा तो फंडेबाज मित्र. त्याला एकच विचारा, 'तुझ्या बाइकची प्लेट देतोस का दोन दिवस?' तो काय उत्तर देतो ते बघा. पाना-स्क्रूड्रायव्हर तिथंच खाली ठेवाल.