पिंपाची रिंग

ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. आमच्याकडे बिअर ह्यांची, प्रेशर बॅरल माझ्या ताब्यात. चाळीस पाइंटांचं ते प्लास्टिकचं पिंप म्हणजे आपला कुकरच, फक्त थंड! बिअर सपक झाली की बिचाऱ्या यीस्टला बोल लागतो. चोर बहुधा झाकणाची रबरी रिंग असते. तिला फूड-ग्रेड ग्रीसचं बोट फिरवा, झाकण हातानेच आवळा. वर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस तिथूनच जातोय. तारेची घासणी नको, ओरखड्यांत जंतू दडतात. उकळतं पाणीही नको. पिंपात साखर मोजूनच, ८०-१०० ग्रॅम. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र दर वेळी तपासा. कुकरची शिट्टी तुंबलेली आपण चालवून घेतो का?